पेवातला आवाज

हरिपूरच्या पेवात पहिला उतरायचा तो धुळाच. हळद भरून, तोंड मातीने लिंपून ठेवलेले पेव उघडले की आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून तोंड उघडून थांबायचे, दोरीने कंदील खाली सोडायचा, तो तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा. रांजणासारख्या त्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरून हळद वर देणारा धुळासारखा गडी सांगलीच्या पेठेत दुसरा नव्हता, आणि हे धुळाला पुरते ठाऊक होते.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात व्यापाऱ्यांची घाई वाढली. पेव उघडले की लगेच माणूस उतरवा, असा धोशा सुरू झाला. त्यात नानासो नावाचा गडी आत गुदमरला. ओढून काढला म्हणून वाचला. तेव्हा गड्यांनी ठरवले, कंदील तेवल्याशिवाय उतरायचे नाही, आणि हे आपल्यातल्या एकाने व्यापाऱ्यांपुढे उभे राहून सांगायचे. तो एक कोण, ते अमावस्येला, काम बंद असते त्या दिवशी, संगमावर ठरणार होते.

ज्याच्या त्याच्या तोंडी अर्जुनाचे नाव. अर्जुना पलटणीतून आलेला, पेवाच्या कामाला नवखा. पण तो बोलू लागला की ओढणाऱ्याच्या हातातली विडी विझून जायची. धुळाच्या अंगाची आग व्हायची.

"पेवात पैला म्या उतरायचं, आन् फुडं हून बोलनार ह्यो?" तो बायकोला म्हणाला.

रंगुबाई भाकरी थापत होती. "अर्जुनाभावजी भाईर वट्यावर बोलत्यात, ते हितं बसून कळतंय. तुमी बोलाय लागला की मला तवा सोडून जवळ यावं लागतंय."

परक्याचे बोलणे कळते आणि नवऱ्याचे कळत नाही. हे धुळाला भाकरीबरोबर गिळता आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुटले की तो एका रिकाम्या पेवात उतरू लागला. तळाशी उभे राहायचे, मान वर करून पेवाच्या तोंडातल्या उजेडाकडे बघायचे आणि बोलायचे. "मंडळी" म्हटले की सगळे पेव घुमायचे. आवाज भिंतीवरून फिरून अंगावर यायचा. एवढा भारदस्त आवाज आपला? अर्जुनाचा कुठला असा! कष्टात त्याने कसूर केली नाही. एक शब्द अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून. सदरा घामाने निथळेपर्यंत तो वर येत नसे.

अमावस्येला संगमावर वारा सुटला होता. गडी वाळूत ऐसपैस बसले. धुळाने हट्टाने पहिली पाळी घेतली. उभा राहिला, सवयीने मान वर केली आणि "मंडळी" म्हणाला.

शब्द वाऱ्याने नेला. परत काहीच आले नाही. धुळा आवाज घुमण्याची वाट बघत तसाच थांबला.

"धुळा, वर काय बगतुयास रं? घार हाय काय?" मागून सिद्धू ओरडला.

"देवाला सांगतुयास का आमाला, गड्या?"

हशा पिकला. राहिलेले त्याने भराभर ओतून टाकले आणि खाली बसला. कान तापले होते.

अर्जुना उठला, पण लगेच बोलला नाही. आधी सगळ्यांना दरडीच्या आडोशाला, जवळजवळ बसवले. मग सर्वांत मागे बसलेल्या म्हाताऱ्या जोतिबाकडे बघून सुरुवात केली. एक वाक्य बोलायचे, जोतिबाची मान हलली की दुसरे.

"खाली पैला धुळा उतरतो," तो म्हणाला. "कंदील न बगता उतरलं, तर पैला धुळाच जाईल. चालंल का तुमाला?"

"न्हाई!" सगळे एकदम गरजले.

धुळा वाळू मुठीत आवळत बसला. उतरणार मी, मरणार मी, आणि ते 'न्हाई' मिळाले ह्याला! अर्जुनाला निवडले, तेव्हा धुळाने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

संध्याकाळी तो भांडायच्या तयारीनेच अर्जुनाच्या दारात गेला. अर्जुना आई साळूबाईपुढे बसून सभेची हकिकत सांगत होता. म्हातारीला जवळजवळ ऐकू येत नव्हते. तिला कळले नाही तरी अर्जुना आवाज चढवत नव्हता. वाक्य मोडून, तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा सांगत होता.

"हे रोज?" धुळाने विचारले.

"पलटणीतनं आल्यापास्नं. वरडलं की आय रडती. म्हनती, माज्यावर चिडलास."

अर्जुनाचे बोलणे जन्मजात नाही, सरावाचे आहे, हे कळून धुळाला बरे वाटायला हवे होते. उलट आग वाढली. देवाची देणगी असती तर त्याने सोडून दिले असते. हे कष्ट होते, आणि कष्टात कोणी आपल्या पुढे गेलेले त्याला खपत नसे.

"सरक," तो म्हणाला आणि म्हातारीपुढे बसला. "साळूमावशी, कंदील इझला तर मी पेवात उतरनार न्हाई."

"काय? तोंडातल्या तोंडात काय बोलतुयास?"

अर्जुना हसला.

"तू आत जा रं!" धुळा खेकसला. मग त्याने मान खाली आणली आणि म्हातारीच्या डोळ्यांत बघितले. "मावशी. कंदील खाली सोडायचा." तिने मान हलवली. "त्यो इझला... तर म्या उतरायचं न्हाई."

साळूबाईचा चेहरा बदलला. "मग उतरू नगंस की, लेकरा! कोन ढकलतंय तुला?"

घरी आल्यावर त्याने उंबऱ्यातूनच तेच वाक्य रंगुबाईला ऐकवले. ती तव्यापासून हलली नाही. "आयकलं," म्हणाली.

"कुनाचं चांगलं? माजं का अर्जुनाचं?"

रंगुबाईने भाकरी उलटली. "आजून त्येंचंच."

दुसऱ्या दिवशी अर्जुना कामावरून घरी पोचला, तेव्हा साळूबाईपुढची जागा धुळाने आधीच धरली होती.