रंगीत मठातलं पुसलेलं पाऊल

माणसांची इतकी किळस मला क्वचितच आली असेल, आणि ती आपलीच माणसं होती.

कॅनडात एडमंटनच्या पूर्वेला, कनोलाच्या पिवळ्या शेतांमध्ये एक जुना ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ आहे. तिथे पार्किंग आणि वॉशरूम चांगलं आहे, एवढ्याच कारणावरून आमच्या मराठी मंडळाची सहल तिकडे गेली. मठातल्या वृद्ध संन्यासिनीने आम्हाला आत नेलं. युक्रेनहून आलेल्या शेतकऱ्यांनी ओंडके खाचांत बसवून, माती आणि गवताने लिंपून तो बांधला. कांद्याच्या आकाराचे घुमट मागाहून चढवले. आतल्या फळ्यांवर छतापर्यंत संत आणि देवदूत, वर निळ्या आभाळात सोनेरी चांदण्या. रंग पाण्याने सुटणाऱ्या सरसात कालवलेले, म्हणून भिंतीला ओला हात लावायचा नाही, असं तिने दोनदा सांगितलं. आमची मंडळी सेल्फी काढत होती. एकाने तर तिथेच चिवड्याची पिशवी फोडली.

पुण्याहून लेकाकडे आलेल्या एक काकू मात्र मेरीमातेच्या चित्रासमोर हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून डबी काढली आणि मातेच्या पावलावर कुंकवाचं बोट टेकवलं.

आम्ही देवीच्या पायांना हे लावतो, असं मी संन्यासिनीला कसंबसं सांगितलं. ती चक्क हसली. "आम्ही तिथेच ओठ टेकवतो," ती इंग्रजीत म्हणाली. "कोरडं आहे ना? मग राहू दे. मी ब्रशने झटकेन."

विषय तिथेच संपायला हवा होता. पण आमचे सेक्रेटरी पडले अतिशहाणे. "काकू, हे हेरिटेज आहे, असलं अलाउड नसतं इथे!" असं खेकसत त्यांनी वेट वाइप काढला आणि आम्ही ओरडायच्या आत ते पाऊल खसाखसा पुसलं. कुंकू गेलं आणि पाऊलही गेलं. खालून पिवळट फळी दिसू लागली.

"ऑल क्लीन! सॉरी हं, सिस्टर." वाइप वॉशरूमच्या डब्यात टाकून, हाताला सॅनिटायझर चोळत ते बसकडे निघाले. रडत होत्या काकू, आणि सगळे दटावतही त्यांनाच होते. मला त्या माणसाच्या स्वच्छ हातांची शिसारी आली.

वॉशरूममध्ये जाऊन संन्यासिनीने काळ्या झग्याची बाही वर सारली, डायपर आणि टिश्यूंनी भरलेल्या त्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मातेचं पाऊल शोधू लागली.