सभ्य आवाजातलं भांडण

माझी मैत्रीण नीलिमा अंध आहे. तिचा फोन तिला सगळं वाचून दाखवतो. मराठी नीट वाचणारा फोन कोणता, असं तिने मोबाइलप्रेमींच्या एका ग्रुपवर विचारलं आणि दोन कंपन्यांचे भक्त एकमेकांवर तुटून पडले. 'तुझं डबडं', 'अक्कल गहाण ठेवलीस का', सगळं फोन सभ्य आवाजात वाचत होता. त्या आवाजात राग गळून जाई, नुसता पोरकटपणा उरे.

"सोड तो ग्रुप," मी म्हटलं.

"थांब गं." तिने त्या वाचनाचं रेकॉर्डिंगच ग्रुपवर टाकलं. "तुमचं भांडण मला असं ऐकू येतं. आता तुमचे फोन ऐकवा."

जरा वेळाने दोन्हीकडून रेकॉर्डिंग येऊ लागली. सर्वांत तोंडाळ गड्याने लिहिलं, "ताई, जोडाक्षरांना आमचा अडखळतो. त्यांचाच घ्या."

नीलिमाने ते पुन्हा ऐकलं आणि टाळीसाठी हात पुढे केला.