उलटी सही

लढाईच्या दिवसांत सांगलीतल्या आमच्या छापखान्यासाठी लाकडी ठोकळे कोरणारा एक पेंटर होता, मूळचा माण तालुक्यातला. कोरताना तो जीभ दातांत धरायचा. कागदावर सुलटं उमटावं म्हणून ठोकळ्यावर सगळं उलटं कोरतात. तो मात्र स्वतःचं नाव सरळ कोरायचा, त्यामुळे छापल्यावर ते उलटं यायचं. मी हसलो, तर म्हणाला, "आवं म्यानेजर, चित्र समद्यांसाठी हाय. नाव ज्याला पायजे, त्यो आरसा आनंल की!" म्हणून इथंही ते लिहीत नाही, सरळ छापलेलं त्याला रुचलं नसतं.

एकदा त्यानं मेंढरांचा कळप कोरला. साताऱ्याच्या प्रदर्शनासाठी चित्र छापण्याआधी मी ठोकळ्यावरचं त्याचं नाव पटाशीनं तासून काढलं. उलटी सही चूक वाटेल, अशी मनाची समजूत घातली आणि अर्जावर माझं नाव लिहिलं. पहिलं बक्षीस मिळालं.

छापखान्याच्या भिंतीवर लावलेलं ते चित्र त्यानं बराच वेळ पाहिलं. "मेंढरं लय ब्येस उठल्यात," एवढंच बोलला.

पुढचा ठोकळा बैलबाजाराचा होता. त्याच्या कोपऱ्यात त्यानं माझं नाव कोरून आणलं होतं, उलट्या अक्षरांत, बिनचूक.

"आता तासायची खटपट नगं तुमाला," तो म्हणाला. टोमणा होता की काय, ते त्याच्या आवाजावरून कळलं नाही.

मी तो ठोकळा तसाच छापला. त्यानंतर माझ्याच नावाचे आणखी सात त्यानं आणले, तेही छापले. त्यांतली एकही रेघ माझी नाही.