डाव्या बाजूची सीट

गाडीच्या दाराला हात लावण्याआधी काका तो हात पँटीला पुसायचे. एकदा उलटा, एकदा सुलटा. मगच दार सरकवायचे. गाडी स्वतःची, शेड स्वतःचं, बघायला कुणी नाही, तरीही. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेलच. रिमोटला पिशवी घालणारं, नवी चादर पाहुण्यांसाठी राखून ठेवणारं, आणि पाहुणे आले की पुन्हा जुनीच अंथरणारं. काका त्यातले.

मी जुन्या गाड्यांचा दलाल. जालना रोडला माझं पत्र्याचं ऑफिस आहे. खोटं बोलणं हा आमचा अर्धा धंदा. उरलेला अर्धा म्हणजे गिऱ्हाइकाचं खोटं ऐकून घेणं. काका मुकुंदवाडीत माझ्या घरामागच्या गल्लीत राहायचे. चिकलठाण्याच्या एका कंपनीत ते स्टोअरकीपर होते. कुणी नवीन सामान मागायला आलं की म्हणायचे, "आधी जुनं दाखव." जन्मभर हेच केल्यावर ती सवय घरी येणारच, आणि आली.

नोकरीत असतानाच त्यांनी पांढरी, सरकत्या दारांची छोटी व्हॅन घेतली. एके काळी शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, मांडववाल्याच्या खुर्च्या, सगळं असल्याच गाड्यांतून फिरायचं. आता शोधून सापडत नाहीत. काकांनी नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक काढलंच नाही. आणि या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, हे तुम्हाला माहीत असेल.

"खाली इंजिन, वर प्लास्टिक, आन् मधी मी," काकू म्हणायच्या. "अहो, तव्यावरच्या भाकरीवानी पाठ भाजते माझी. काढा की ते."

"टॉवेल टाक ना."

काकू टॉवेल टाकायच्या. पण तशी वेळही क्वचित यायची. औरंगपुऱ्यात खरेदीला जायचं तर रिक्षा, कारण गर्दीत गाडी खरचटते. पावसात नको, चिखल उडतो. उन्हात नको, रंग उडतो. दसऱ्याला मात्र गाडीला आंघोळ, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. आम्ही पोरंटोरं नाही, चांगली दाढीमिशीवाली माणसं ओट्यावर बसून टाळ्या वाजवायचो. काकू काचेआडून हसायच्या.

त्यांचं मागणं एकच होतं. अंबडच्या पुढं एका खेड्यात त्यांचं माहेर. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पिशव्या घेऊन पायी. "मला एकदा आपल्या गाडीतून माहेरच्या दारात उतरायचंय," असं त्या माझ्यासमोर कितीदा तरी बोलल्या असतील. काका गाडीवरून फडकं फिरवता फिरवता म्हणायचे, "जाऊ की. रस्ता जरा नीट होऊ दे. घाई काय? गाडी कुठं पळून चालली?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्हीसुद्धा त्यांना चिडवायला तेच म्हणायचो. कुणाचं लग्न लांबलं, कुणाचं घर बांधायचं राहिलं, की 'गाडी कुठं पळून चालली?' आणि हसायचो. आता ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

एका सकाळी देवपूजा करता करता काकू बसल्या जागी कलंडल्या. दवाखान्यात न्यायला गाडी काढायचीही वेळ आली नाही.

दिवसकार्य झालं. पुण्याच्या मुलानं वडिलांना सोबत न्यायचं ठरवलं. तिथं फ्लॅटला एकच पार्किंग, त्यात मुलाची गाडी. म्हणून व्हॅन विकायची. काका स्वतः माझ्या ऑफिसात आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि किल्ली टेबलावर ठेवून हात मात्र तिच्यावरच ठेवला.

मीटर बघून मी येडा झालो. वीस वर्षं उलटलेली गाडी, पासिंग पुन्हा करून घेतलेलं, आणि चाललेली किती? जेमतेम चार हजार किलोमीटर. टपावर ओरखडा नाही. मी फोटो टाकले आणि फोनवर फोन सुरू झाले. पण गंमत बघा, जन्मभर खोटी मीटरं खरी म्हणून खपवली आणि जेव्हा एक खरं निघालं, तेव्हा कुणी विश्वास ठेवीना. "किती मागं फिरवलं?" असं एकानं डोळा मारून विचारलं. दुसरा गाडीखाली झोपून सगळं तपासून आला. बाहेर आला तर शर्टाला तेलाचा डाग नाही.

"कमालच केली तुम्ही, काका! वापरलीच नाय की गाडी!" तो म्हणाला.

त्याला वाटलं, आपण कौतुक केलं. काकांचा चेहरा असा उतरला की मी त्या गिऱ्हाइकाला चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं. परत आलो तर काका गाडीला टेकून उभे. म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना तेच सांगता. कमी चाललीय, कमी चाललीय. लोक खूश होतात. मला ते ऐकवत नाय हो. गाडी कुठंच पळून गेली नाय. तीच गेली."

 

त्यांनी अट घातली. भाव कमी आला तरी चालेल, पण बायकोला शेजारी बसवून फिरवणारा माणूस पाहिजे. "शो म्हणून उभी करणारा नको. वापरणारा बघा." दलालीच्या धंद्यात अशी अट मी पहिल्यांदाच ऐकली. आलेली चांगली तीन गिऱ्हाइकं मी तिच्यापायी घालवली. शेवटी चिकलठाण्याकडच्या नव्या कॉलनीतला एक जण मिळाला. चाळिशीचा, बोलायला गोड. त्याच्या वडलांकडे अशीच गाडी होती म्हणे. बायकोला घेऊन आला होता. काकांनी त्याला एवढंच विचारलं, "फिरवाल ना यांना?"

"दर रविवारी, काका. शब्द देतो."

टोकन झालं. गाडी दोन दिवसांनी द्यायची ठरली. दुसऱ्या दिवशी सकाळीच काका माझ्या दारात. "अंबडला जाऊन येतो."

मी ओरडलोच. "काका, टोकन झालंय! वाटेत काही झालं, कुठं घासली, तर मी त्याला काय तोंड दाखवू?"

"मग तुम्हीबी चला."

चडफडत निघालो. पुढचं दार उघडायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही मागं बसा." तेव्हा मला दिसलं. सगळ्या सीटना प्लास्टिक तसंच होतं, फक्त डाव्या बाजूच्या पुढच्या सीटचं काढलेलं. आतलं करडं कापड कोरंकरकरीत. शिवणीत अडकलेले प्लास्टिकचे बारके तुकडेसुद्धा त्यांनी वेचून काढले होते. टॉवेल घडी करून बाजूला ठेवला होता. आता त्याचं काम नव्हतं.

मी मागं बसलो. मागच्या सीटच्या प्लास्टिकनं पाठ भाजत होती, पण मी तोंडातून ब्र काढला नाही.

अंबड मागं टाकल्यावर काका म्हणाले, "रस्ता तर चांगलाय की हो. दोन तासांत आलो. मी उगंच म्हणत होतो खराब आहे." आणि मग डोळे पुसायला त्यांनी गाडी कडेला घेतली.

फाटा आला. एसटी जिथं सोडायची तिथून गाडी आत वळली आणि थेट माहेरच्या दारात थांबली. काका उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले. हात पँटीला पुसला, एकदा उलटा, एकदा सुलटा. दार उघडलं आणि कुणीतरी उतरायचंय तसे ते धरून उभे राहिले.

काकूंची थोरली भावजय बाहेर आली. पाण्याचा तांब्या होता हातात. तिनं काकांकडं पाहिलं, रिकाम्या सीटकडं पाहिलं. "दाजी..." एवढंच म्हणाली आणि आत वळली. मला वाटलं, म्हातारी बिचारी रडायला गेली. पण ती भाकरीचा तुकडा घेऊन परत आली. लांबून आलेल्या लेकीवरून ओवाळतात तसा तिनं तो त्या सीटवरून तीनदा ओवाळला, लांब टाकला आणि उंबऱ्यासमोर पाणी ओतलं.

"लई वाट बघायला लावली, वन्सं," ती सीटला म्हणाली.

मला रडू फुटलं. लाज कसली त्यात? माझ्यासारखा बेरकी दलाल मागच्या सीटवर बसून ढसाढसा रडला.

गाडी ठरल्या दिवशी दिली. काकांनी किल्ली गिऱ्हाइकाच्या नाही, त्याच्या बायकोच्या हातात ठेवली. आठवड्यात ते पुण्याला गेले. शेड रिकामं झालं. आता तिथं शेजारच्यांची मांजर विते.

काही महिन्यांनी एका कामासाठी मी त्या कॉलनीत गेलो होतो. व्हॅन पोर्चमध्ये दिसली, अंगभर कव्हर घातलेली. टायरला माती नाही. घरातून त्या वहिनी आल्या. मी विचारलं, "काय म्हणते गाडी?"

"कसली गाडी, दादा! हे काढूच देत नायत," त्या हसत म्हणाल्या. "म्हणतात, असा पीस परत मिळायचा नाय. प्रदर्शनात न्यायचाय."

मी कव्हराचं टोक उचलून आत डोकावलो. डाव्या सीटला नवं प्लास्टिक घातलेलं. "ती एकच उघडी होती ना," वहिनी म्हणाल्या, "शोधून शोधून आणलं ह्यांनी."

"वहिनी, तेवढं एक काढून टाका."

"नको बाई, ओरडतील."

मला वाटलं, स्वतःच ओढून फाडावं. पण गाडी त्यांची. कव्हर नीट केलं आणि निघालो.

पुण्याला जाऊन वर्षही झालं नाही, तोच काका गेले. त्याच्या थोडं आधी, उन्हाळ्यात, त्यांचा फोन आला होता. आवाज पार खोल गेलेला. इकडचंतिकडचं काही नाही, पहिलंच वाक्य, "गाडी फिरती का?"

"फिरती, काका. लई फिरती."

"डाव्या बाजूला कोण बसतं?"

"वहिनी बसतात की. दर रविवारी."

मग म्हणाले, "पाठ भाजत नाय ना तिची?"

"नाय, काका," मी म्हणालो. "अजिबात नाय."