दोन सीटची वरात

आमच्या गाडीचे किस्से सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. दाराआड कोंबलेल्या पिशव्यांसारखे साठलेत. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. परवा भाचीच्या डोहाळजेवणाला गेले, तर ओटी राहिली बाजूला आणि बायकांचं सुरू, "काकू, ती गाडीची गंमत सांगा ना." गंमत म्हणे. त्यात बसून बघा म्हणावं.

आमचे हे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पत्राकाम करायचे. कंपनीला टाळं लागलं आणि या माणसाने बोलणंच सोडलं. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर तसेच भिंतीकडे बघत बसायचे. मग कुठल्या तरी कॅलेंडरवर त्यांना परदेशातली जुनी गाडी दिसली. लांब नाक, गोल दिवे, वरचा टप मागे दुमडलेला. विठ्ठलवाडीला एक शेड बघितली, भंगारातल्या जीपचा सांगाडा आणला आणि लागले ठोकायला. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे." मी आत जाऊन रडले.

म्हणून सांगते, घरात मी त्या गाडीला काय वाट्टेल ते बोलले. पण बाहेरचं कोणी हसलं की पदर खोचून मी पुढे. लोक हसले तर हे पुन्हा गप्प होतील, एवढी एकच धास्ती होती मला.

*

गाडी बनवली वरातीसाठी. यांचा दोस्त दामू सीटकव्हरवाला, त्याने उल्हासनगरहून लाल रेक्झिन आणून दोन सीट अशा शिवल्या की बघत राहावं. पहिली वरात कल्याण पूर्वेची. हे स्टिअरिंगवर बसले, शेजारी नवरा बसला, आणि नवरीला आणलं तेव्हा दोघा दोस्तांच्या डोक्यात प्रकाश पडला. नवरा, नवरी आणि ड्रायव्हर. माणसं तीन, सीट दोन. इतके महिने ठोकाठोक केली, एकाने मोजलं नाही!

मी दामूला म्हटलं, "भाऊजी, मी चौथी शिकले. पण तीनापर्यंत मला येतं."

शेवटी नवरीच्या भावाने तिला उचलून मागे दुमडलेल्या टपावर बसवलं. पाय ठेवायला जागा नाही, म्हणून तिने ते नवऱ्याच्या दोन खांद्यांवर ठेवले. अख्खा रस्ता बघतोय. नवऱ्याची आत्या मात्र शांतपणे म्हणाली, "बरं झालं. पहिल्याच दिवशी कळलं बिचाऱ्याला."

तेव्हापासून बुकिंग घेताना हे आधी विचारायचे, नवऱ्याला गाडी चालवता येते का?

*

सीट खूप खाली होती. उंच केली तर टप डोक्याला लागायचा, म्हणून दामूने जवळजवळ जमिनीवरच बसवलेली. बसताना माणूस धपकन आत जायचा. उठायचं काय, त्याचा विचार दोघांनीही केला नव्हता. नऊवारीतल्या बाईला तर बाळंतिणीसारखं दोघींनी धरून काढायला लागायचं.

एकदा नवरात्रात टेंभी नाक्याला एका मंडळाने पाहुण्याला आणायला गाडी मागवली. पाहुणा म्हणजे तिकडचा कोणी पुढारी, अंगाने भरलेला. स्टेजसमोर गाडी थांबली, ताशे वाजले, आणि साहेब उठेनात. एकदा जोर केला, दोनदा केला. मग नमस्कार करत तसेच बसून राहिले, जणू तसंच ठरलं होतं. कार्यकर्ते चार बाजूंनी ओढायला लागले तेव्हा आमच्या यांचा जीव दरवाजाच्या बिजागरीत. "साहेबांना ओढा, दरवाजाला हात लावू नका" म्हणून हे ओरडतायत.

शेवटी माइक खाली आणला. हार, नारळ, भाषण, सगळं गाडीत झालं. मागून एक म्हातारा म्हणाला, "एकदा बसला की उठत नाही हा. आम्ही मागच्या इलेक्शनलाच बघितलंय."

*

रेक्झिनचं सांगते. मे महिन्यात त्याचा तवा व्हायचा. दामूला सांगितलं, कापडी कव्हर घाल. तो म्हणाला, "वहिनी, मग लाल दिसणार नाही."

आमच्याच शेजारच्या चाळीतल्या कांबळ्यांच्या मुलाचं लग्न होतं. त्यांच्यात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. मुलाला गाडी चालवता येत होती, म्हणजे अडचण काहीच नाही. ऊन हे एवढं. घामाने दोघं निथळली. हॉलवर उतरली तर मागून पार गुडघ्यापर्यंत दोघंही लालेलाल. रंग सुटला होता.

मी म्हटलं, आता कांबळेवहिनी मला सोडत नाहीत. त्यांनी एकदा बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि फोटोग्राफरला बोलावून काहीतरी कानात सांगितलं. अजून तो अल्बम आहे त्यांच्याकडे. सगळी वऱ्हाडी मंडळी आडवी-तिडवी आलीत, पण ती दोघं एकाही फोटोत पाठमोरी नाहीत.

*

वरात नसली की हे मला बाजाराला न्यायचे. हौस यांची, हाल माझे. डिकी उघडली की आत नुसता दुमडलेला टप. सामान सगळं माझ्या मांडीवर. पायाशी इंजिनाची अशी धग यायची की मी ओलं पोतं पायाखाली घेऊन बसायचे.

एकदा भिवंडीहून येताना ज्वारीच्या पिठाचा डबा माझ्या मांडीवर. दुर्गाडीच्या पुलावर खाडीचा वारा असा आला की झाकण उडालं. मी डबा कवटाळला, पण अर्धं पीठ गेलं. घरी पोचलो तर मागोमाग एक स्कूटरवाला दारात येऊन थांबला. भुवयांसकट पांढरा. मी कंबर कसली, म्हटलं आला भांडायला.

त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी गहू दळा. ज्वारी डोळ्यांत टोचते."

मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

*

मग आमच्या पुष्पाचं लग्न ठरलं. मुलगा टिटवाळ्याचा, लग्नाचा हॉलही तिथलाच. विहीणबाई तरुणपणीच विधवा झालेल्या, चार घरची कामं करून मुलाला वाढवलेलं. बोलणं एकदम कडक. बैठकीतच म्हणाल्या, "ती उघडी गाडी आमच्या दारात नको. लोक हसतात."

हे उठले. घरी आले, शेडमध्ये जाऊन गाडीवर ताडपत्री टाकली. रात्री मी मुद्दाम आमटी अळणी केली. हे जेवून उठले. एक शब्द नाही.

पुष्पा माझ्यासारखीच. लग्नाच्या दिवशी म्हणाली, "बाबांची गाडी फुलं लावून हॉलवर आली पाहिजे. बसणार नाही मी, नुसती उभी राहू दे." दामूने सजवून आणली. हे मागे कोपऱ्यात, चोरासारखे.

संध्याकाळी निघायची वेळ झाली आणि विहीणबाईंनी ठरवलेली बंद गाडी आलीच नाही. नवरी दारात यायच्या आधी सासूने घरी पोचायला पाहिजे. दिवसभर उभं राहून बाईंचे गुडघे सुजलेले, चालवेना. गाडी एकच उभी. त्या तिच्याकडे बघेनात. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगा त्यांना, मला सोडून परत या म्हणावं."

दोघींनी धरून बाईंना सीटवर उतरवलं. वाऱ्याने केस उडायला लागले म्हणून त्यांनी पदर पार तोंडावर ओढला. गाडी हलली मात्र, बँडवाल्यांनी फुलांची गाडी निघालेली बघितली आणि सवयीने पुढे होऊन वाजवायला सुरुवात केली. बँड निघाला म्हणून वऱ्हाड निघालं. पोरं नाचायला लागली. मी ओरडतेय, पण ढोलापुढे माझा आवाज कोण ऐकतो? पुष्पा आणि जावई सगळ्यांच्या मागे, चपला हातात घेऊन चाललेले.

घराच्या दारात विहीणबाईंची थोरली जाऊ ताट घेऊन उभी. गाडीत पदराआड बाई बघितली आणि तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, औक्षण केलं. पदरावर अक्षता, यांच्या टोपीवर अक्षता. मग विहीणबाईंनी पदर मागे घेतला.

बँड थांबला. यांचा चेहरा पांढराफटक. मी गर्दीतून वाट काढत पुढे आले, म्हटलं आता बाई माझ्या माणसाला एक शब्द बोलू दे, बघतेच.

विहीणबाईंनी पदरावरून कपाळाला चिकटलेली अक्षत बोटाने काढली. बघितली. मुठीत धरली. उठायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"व्याही," त्या म्हणाल्या, "गाडी वळवा. निम्म्या टिटवाळ्याने अजून बघितलं नाही."