विल्मटनं नदीत ढकललेला गठ्ठा

विल्मट म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, पेथरिकची बायको. दंडात बैलाचं बळ आणि जिभेला हाड नाही, अशी बाई. आमच्या टॉटनेस गावाच्या उतारावर कापड वाळवायच्या लाकडी चौकटी उभ्या आहेत ना, तिथे तिचं काम. ओल्या लोकरी कापडाचा एक काठ वरच्या आकड्यांत अडकवायचा, दुसरा खालच्या, आणि दांडी दाबत न्यायची. ठाण डोळ्यांदेखत वाढतं. असं ताणायला कायद्यानं बंदी आहे म्हणे. असू दे! आमच्याकडे सगळेच ताणतात. समुद्रापलीकडच्या अँटवर्पचे व्यापारीसुद्धा हे ओळखून होते. ते शिव्या घालायचे, भाव पाडायचे आणि कापड उचलायचे.

मग अँटवर्पचा बाजारच बसला. माळ्यांवर कापड कुजायला लागलं, उंदरांची चंगळ झाली. सूत कातणाऱ्या बायका चर्चच्या दारात भाकरीसाठी उभ्या राहायला लागल्या. दक्षिणेच्या समुद्रात स्पॅनिश आणि पोर्तुगीज आधीच पाय रोवून बसलेले, तिकडे आपलं जहाज दिसलं की तोफा डागायचे. उरली बर्फाची उत्तर दिशा. आमच्या गावचे कापडवाले व्हीटन मालक लंडनच्या काही पैसेवाल्यांना गाठून तिकडे जहाज काढायला निघाले.

"तिथली माणसं थंडीनं कुडकुडत असतील. लोकर नको म्हणतील होय?" मालक चौकटीपाशी येऊन म्हणाले.

"पण मालक, तिथे माणसं आहेत हे कुणी पाहिलंय?" विल्मटनं विचारलं.

"नसली तर अस्वलांना नेसवू! तू तोंड चालवू नकोस, हात चालव. जेवढं ताणता येईल तेवढं ताण."

तिनं ताणलं. दोन्ही पाय रोवून, घामानं निथळत ताणलं. गावाच्या चुली त्या जहाजाच्या जिवावर पेटणार होत्या.

माल चढवायच्या दिवशी मी तिच्या घरी होते. पेथरिक बोचकं घेऊन हसत आत आला. "ताई, मालकांनी मलाच निवडलं! तिकडच्या लोकांना कापड दाखवायचं, मापून द्यायचं."

विल्मटचा चेहरा पांढराफटक पडला. "मापून? तू देणार?"

"मग काय कप्तान देणार?"

तो बाहेर गेला तशी तिनं माझा हात घट्ट धरला. "ताई, ते कापड पहिल्या पावसात आखडणार. अँटवर्पवाला नुसत्या शिव्या द्यायचा. हे लोक कोण, कसे, रागावले की काय करतात, कुणाला ठाऊक? आणि त्यांच्यासमोर मापायचा गज घेऊन उभा कोण, तर हा! जीव घेतील गं याचा."

ती उठली आणि धक्क्याकडे पळतच सुटली. मी मागोमाग. मालक तिथेच होते. "सगळं कापड भिजवून पुन्हा वाळवू द्या," ती गयावया करत म्हणाली. अख्ख्या जन्मात मी तिला कुणापुढे असं वाकलेलं पाहिलं नव्हतं.

"बाई, ओहोटी लागेल आता, जहाज निघायला हवं. हो बाजूला!"

शेवटचा गठ्ठा धक्क्याच्या काठावर होता. विल्मटनं खांदा लावला आणि तो सरळ डार्ट नदीत ढकलला. हलकल्लोळ माजला. माणसांनी तो दोर टाकून वर ओढला, उलगडला, तर जहाजात पैसे घातलेल्या लंडनच्या पाहुण्यासमोरच ठाण हातभर आखडलेलं! मालक रागानं लालबुंद झाले. "जिला ही अवदसा आठवली, तिचा नवरा माझ्या जहाजावर पाय ठेवणार नाही! बोला, दुसरा कोण येतो?"

"मी येतो, मालक."

माझा नवरा. जर्मिन. रंगारी माणूस, हिवाळ्यापासून हाताला काम नव्हतं. मी त्याची बाही धरली. "वेड लागलंय का तुला? बाकीचे गठ्ठे तसेच ताणलेले आहेत!"

"घरात खायला काय आहे ते सांग, मग अडव," तो हळूच म्हणाला. मी बाही सोडली. नांगर उचलला गेला.

त्यानंतर मी विल्मटशी बोलले नाही. माझ्या दारात ती भाकरी ठेवून जायची. मी ती खायचे, आणि तिला मनात शिव्याही द्यायचे.

पुढच्या वर्षी जहाज परत आलं. मेण, कातडी, मऊ केसाळ फर घेऊन आलं. चर्चच्या घंटा वाजल्या, लोक रस्त्यात नाचले. उत्तरेला बाजार सापडला! जर्मिन मात्र उतरला नाही. खलाशांनी सांगितलं, तिकडच्या लोकांनी कापड हौसेनं घेतलं. मग पाऊस झाला. आखूड झालेले अंगरखे घेऊन ते किनाऱ्यावर आले आणि त्यांनी जर्मिनला धरून ठेवलं. 'पुरं माप आणा, तुमचा माणूस न्या,' म्हणाले. समुद्र गोठायला लागला होता. कप्तानानं त्याला तिथेच सोडून शिडं चढवली.

जर्मिनला परत आणा म्हणून मी विनवलं, तर "बघू," व्हीटन मालक म्हणाले आणि नव्या जहाजाचं लाकूड बघायला गेले. मेल्याची जीभ झडो!

वसंतात जहाज पुन्हा सजलं. सकाळीच विल्मट दारात आली. मागे पेथरिक, पाठीवर ठाणांचं ओझं.

"ताई, हे कापड आम्ही दोघांनी विणलं. चौकटीला लावलंच नाही, गवतावर सैल वाळवलं. बोटभरही आखडणार नाही. हे देऊन भावोजींना सोडवायचं. मी मालकांच्या नाकदुऱ्या काढल्यात, ते पेथरिकला नेतायत."

"याला पाठवतेस? तू?" वर्षभरानं मी तिच्याशी बोलले ते हे.

"दुसऱ्या कुणाला पाठवलं, तर 'माणूस सापडला नाही' म्हणून तो परत येईल."

पेथरिक जहाजावर चढला. आम्ही दोघी धक्क्यावर उभ्या.

"विल्मट, हाही आला नाही तर?" मी विचारलं.

तिनं जहाजावरून नजर काढली नाही. "तर दोघी एकाच घरात राहू, ताई. एक चूल कमी लागेल."