भाऊंचा कॉम्प्युटर आणि रिझोल्यूशनचा आकडा

काही गोष्टी घडतात तेव्हा आपण रडकुंडीला आलेलो असतो, आणि पुढे त्याच सांगताना समोरचा चहा निवून जातो! आमच्या प्रेसमधल्या कॉम्प्युटरच्या अशा कितीतरी साठल्यात.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावर आमची प्रेस. मालक भाऊ, छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे दामूकाका, आणि टायपिंगला मी. भाऊंनी मुंबईहून कॉम्प्युटर आणला आणि त्याच दिवशी जाहीर केलं, "हा सुरू झाला की खिळे मोडीत!"

दामूकाका तिथेच उभे होते. खिळे जुळवत राहिले.

*

अक्षरांची फ्लॉपी घातली, तर स्क्रीनवर प्रश्न आला: रिझोल्यूशन कोणतं? खाली आकड्यांची रांग, बहात्तरपासून तीनशेपर्यंत. एक स्क्रीनसाठी निवडायचा, एक प्रिंटरसाठी.

"भाऊ, कुठला टाकू?"

"अगो, सगळ्यात मोठा टाक! कमीपणा कशाला?"

टाकला. स्क्रीनवर 'श्री' उमटला तो नारळाएवढा! शेजारी दुसरं अक्षर मावेचना. भाऊ मागे सरकत सरकत दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "इथून बरा दिसतोय!"

*

मग मुंबईला कॉम्प्युटरवाल्यांकडे ट्रंककॉल लावला. तिकडच्या इंजिनिअरने विचारलं, "रिझोल्यूशन काय घेतलंत?"

भाऊ एका सोसायटीचे संचालक. त्यांना रिझोल्यूशन म्हणजे ठराव, एवढंच ठाऊक. ते फोनवर ओरडले, "अहो, प्रेसचा मालक मी एकटा! ठराव मांडू कोणापुढे?"

तेवढ्यात लाइन तुटली.

*

दुसऱ्या दिवशी घाबरून मी दोन्हीकडे सगळ्यात लहान आकडा टाकला. स्क्रीनवर अक्षरं छान दिसली. नाटे गावाहून एक गृहस्थ नाटकाची हँडबिलं छापायला आले होते. त्यांचं हँडबिल प्रिंटरवर काढलं, तर अख्खा मजकूर काडेपेटीएवढ्या जागेत!

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा केला.

"बाय, नाटक मान्सांचा हाय. मुंग्यांचा नाय!"

शेवटी दामूकाकांनी ते खिळ्यांत जुळवून दिलं.

*

त्या संध्याकाळी दामूकाका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "तो आकडा नक्की कसला गो?"

"एका इंचात किती ठिपके बसतात, त्याचा. आपला प्रिंटर किती बसवतो, तेच कळत नाहीये."

"मग त्यालाच विचार की."

"कसं विचारू?"

"प्रिंटरवर एक तिरकी रेघ काढून दे, चौकोनाच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत."

मला काहीच कळेना. पण दिली काढून. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि घरी गेले.

*

दोन दिवसांनी तो इंजिनिअर एसटीने आला. स्क्रीनचा आकडा बरोबर असल्याचं त्याने पाच मिनिटांत सांगितलं, प्रिंटरपाशी मात्र अडला. प्रिंटरचं पुस्तक म्हणे मुंबईलाच राहिलं! एक आकडा टाकला, अक्षरं बारीक. दुसरा टाकला, ढब्बू. भाऊंचा चेहरा उतरला. "राहू दे," ते म्हणाले. "परत घेऊन जा हे धूड. आमचे खिळे बरे आहेत."

मी दामूकाकांकडे पाहिलं. ते फडक्याने बोटांची शाई पुसत होते. पुसून झाल्यावर सावकाश म्हणाले, "एकशेऐंशी टाकून बघा."

इंजिनिअर हसला, पण टाकला. प्रिंटर कर्रकर्र करत कागद सोडू लागला. अक्षरं अगदी मापात!

 इंजिनिअरने विचारलं, "काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दामूकाकांनी खिशातून घडीचा कागद आणि प्रुफं बघायचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"जवळून पाहिलं तर तिरक्या रेघेला पायऱ्या असतात. एक पायरी म्हणजे एक ठिपका. आडव्या एका इंचातल्या मोजल्या. भरल्या एकशेअठ्ठ्याहत्तरच. दोन शाईने खाल्ल्या असतील."